देव्हाऱ्यातली शिवराई घासू नका! जुन्या नाण्याची लिलावातली किंमत नेमकी कशी ठरते?

शिरोळ, कुरुंदवाड, नृसिंहवाडी या पट्ट्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एखाददुसरं काळपट तांब्याचं नाणं असतं. जाडजूड, वेडंवाकडं, कडेला फाटल्यासारखं. कुणी त्याला ढब्बू म्हणतं, कुणी शिवराई. सणाच्या आदल्या दिवशी समया आणि तांब्या-पळीबरोबर तेही चिंचेनं, राखेनं किंवा पितांबरीनं लख्ख केलं जातं.

आणि मग एक दिवस मोबाईलवर रील येते. ‘तुमच्याकडे हे नाणं आहे का? १० लाख मिळवा!’ कधी वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं, कधी इंदिरा गांधींचं, कधी ‘शिवकालीन’ असं लिहिलेलं काहीही. घरात शोधाशोध सुरू होते.

खरंच लाखो मिळतात का? काही नाण्यांना मिळतात. तुमच्या नाण्याला मिळतील का? बहुतेक वेळा नाही. पण ही दोन नाणी वेगळी कशी ओळखायची, लिलावात बसलेला माणूस नाणं हातात घेऊन नेमकं काय बघतो, हे कळलं तर दोन गोष्टी होतात. तुम्ही फसत नाही, आणि घरातलं एखादं खरंच चांगलं नाणं तुमच्याच हातानं खराब होत नाही.

जुनं म्हणजे महाग? तसं काही नसतं

शिवराईचंच घ्या. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावानं नाणी पाडली गेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. सोन्याचा तो होन आणि तांब्याची ती शिवराई.

मजकूर तोच, राजा तोच. तरीही आज खरा होन लिलावात आला तर संग्राहक देशभरातून बोली लावायला येतात, आणि घासून गुळगुळीत झालेली साधी शिवराई काही शे रुपयांत मिळून जाते. फरक फक्त सोन्या-तांब्याचा नाही. होन फार थोडे उरले. शिवराई मात्र पुढची जवळपास दोनशे वर्षं चालली. महाराजांनंतरच्या छत्रपतींच्या काळात ती पाडली गेली, पेशवाईत पाडली गेली, इंग्रज आल्यावरही बाजारात फिरत राहिली. मधोमध दोन आडव्या दांड्या असलेली ‘दुदांडी शिवराई’ ही तर उत्तर काळातली, आणि तीच सगळ्यात जास्त सापडते. त्यामुळे ‘आमच्याकडे शिवाजी महाराजांच्या हातचं नाणं आहे’ असं कुणी म्हणालं, तर आधी दांड्या आहेत का ते बघायचं.

याच्या उलट एक उदाहरण. १९११ साली पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया निघाला. राजाच्या अंगरख्यावर हत्तीचं चित्र होतं, पण सोंड आणि पाय इतके आखूड दिसत होते की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंबाबोंब झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले साधारण ७ लाख बाजारात गेले आणि बाकीचे परत वितळवले गेले. १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ चा रुपया १९१२ च्या रुपयापेक्षा महाग. वयात फरक एका वर्षाचा!

वितळवण्यामुळे नाणं दुर्मीळ होण्याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३३ साली तिथे २० डॉलरची सोन्याची नाणी साडेचार लाखांच्या आसपास पाडली, पण सरकारी धोरण बदललं आणि ती वितळवली गेली. कायदेशीरपणे खासगी मालकीत राहू शकणारं एकच नाणं उरलं. ते जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं.

आणि दुसरं टोक कोल्हापुरातच आहे. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातलं गाव तिथे सापडलं. त्या काळातली धनुष्यबाणाचं चित्र असलेली शिशाची नाणी कोल्हापूर परिसरातून मिळालेली आहेत. वय अठराशे वर्षांच्या पुढे. तरी त्यातलं एखादं साधं, झिजलेलं नाणं सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. कारण १९३९ सालचा रुपया मिळतच नाही.

थोडक्यात, पहिला प्रश्न ‘किती जुनं?’ हा नसून ‘असं दुसरं किती शिल्लक आहे, आणि ते हवं असणारे किती?’ हा आहे.

‘व्हेरी गुड’ म्हणजे वाईट

दुर्मीळपणा तुमच्या हातात नाही. नाण्याची अवस्था मात्र थोडीफार असते, आणि एकाच साली पाडलेल्या दोन नाण्यांत दहापट फरक पडतो तो इथेच.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक नाण्यापुढे एक दर्जा लिहिलेला असतो. सगळ्यात वर ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे बाजारात न फिरलेलं. त्याखाली ‘एक्स्ट्रीमली फाइन’, मग ‘व्हेरी फाइन’, मग ‘फाइन’, आणि त्याच्याही खाली ‘व्हेरी गुड’. हो, बरोबर वाचलंत. ‘व्हेरी गुड’ म्हणजे चांगलंच झिजलेलं नाणं, ज्यावर चित्राची फक्त बाह्यरेषा आणि कशीबशी अक्षरं उरली आहेत. पहिल्यांदा लिलावात उतरणारे या शब्दावर हमखास फसतात.

याच्या जोडीला १ ते ७० असे गुणही देतात. ही पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसानं १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. कल्पना अशी की ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. किमतीचा तो हिशोब केव्हाच मोडला, पण गुण टिकले. आज पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून, गुण देऊन प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देतात. ६० च्या वरचे गुण न वापरलेल्या नाण्यांनाच मिळतात.

आता झीज बघायची कशी? नाण्याचा जो भाग उंच असतो तो आधी घासला जातो. राणीच्या रुपयावर कानावरचे केस, राजाच्या रुपयावर मुकुटाची नक्षी, भुवई, अंगरख्याचं भरतकाम. तिथे बारीक रेघा शिल्लक असतील तर नाणं फार फिरलेलं नाही.

दुसरी खूण प्रकाशाची. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर धातू दाबला गेल्यामुळे एक खास झळाळी येते. नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवलं की ती झळाळी सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. पॉलिश केलेलं नाणं याहून जास्त चमकतं, पण त्याची चमक फिरत नाही. सगळीकडून सारखीच, स्टीलच्या वाटीसारखी. त्यावर भिंग धरलं की एकाच दिशेनं गेलेले केसाएवढे ओरखडे दिसतात. अनुभवी माणसाला हे कळायला दोन सेकंद पुरतात.

शिवराईला वेगळं माप

वर सांगितलं ते यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचं. शिवराई हातानं पाडलेली. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे काही अक्षरं नाण्यावर उमटायचीच नाहीत. एकावर ‘श्री रा’ दिसतं, दुसऱ्यावर ‘जा शिव’. पूर्ण गोल, पूर्ण मजकूर, कडेचे ठिपके मिळणं ही चैन.

म्हणूनच शिवराई जोखताना पहिला प्रश्न असतो, ‘किती मजकूर दिसतो?’ झीज त्यानंतर. दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं वाचता येणारी शिवराई थोडी झिजलेली असली तरी, अर्धाच मजकूर असलेल्या कोऱ्या करकरीत शिवराईला मागे टाकते. त्यात अक्षरांची भानगड वेगळीच. ठसे कोरणारे अनेक, त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘छत्रपति’, कुठे ‘छत्रपती’. काही संग्राहक फक्त हे फरक गोळा करतात. तुम्हाला जी चूक वाटते, तिच्यासाठीच कुणीतरी जास्त बोली लावतो.

अक्षर झिजून गेलंय की मुळात उमटलंच नव्हतं, हेही ओळखता येतं. झिजलेला भाग गुळगुळीत आणि बसका असतो. न उमटलेल्या जागी चकतीचा मूळचा खडबडीतपणा तसाच दिसतो.

चिंच, राख, पितांबरी : भांड्यांना चालेल, नाण्याला नाही

तांब्याच्या नाण्यावर शंभर-दोनशे वर्षांत एक थर चढतो. चॉकलेटी, काळपट, कधी गडद हिरवा. आपल्याला तो मळ वाटतो. संग्राहकाला तो नाण्याच्या वयाचा पुरावा वाटतो, शिवाय तोच थर खालच्या धातूला जपत असतो. चिंच किंवा लिंबू म्हणजे आम्ल. ते हा थर विरघळवतं आणि सोबत अक्षरांच्या बारीक कडाही खातं. राख आणि पावडर म्हणजे घासणं. एकदा गुलाबी-तांबूस लख्ख झालेली शिवराई परत पहिल्यासारखी करता येत नाही. कॅटलॉगमध्ये तिच्यापुढे ‘क्लीन्ड’ असा शब्द येतो आणि बोली तिथेच बसते.

घरातल्या बाईमाणसाला याचा दोष देण्यात अर्थ नाही. ते नाणं तिच्यासाठी देव आहे, संग्रहातली वस्तू नाही, आणि देव स्वच्छच ठेवायचा असतो. पण विकायचा किंवा जपून ठेवायचा विचार असेल, तर निदान ते एक नाणं घासण्याच्या भांड्यांतून बाजूला काढून ठेवा.

शिरोळ तालुक्यात हा प्रश्न आणखी एका कारणानं येतो. कृष्णा आणि पंचगंगा इथेच मिळतात. ऑगस्ट २०१९ चा महापूर आणि त्यानंतर जुलै २०२१ चा, दोन्ही वेळा तालुक्यातली कित्येक गावं पाण्यात होती. देव्हारे, ट्रंका, कपाटं सगळं चिखलात. चिखलानं माखलेलं नाणं हातात आलं तर ब्रश घेऊन बसू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, माती आपोआप सुटू द्यायची आणि सुती कापडावर टिपून घ्यायचं. चोळायचं नाही.

वाळल्यावर त्यावर फिकट हिरवी, पिठासारखी झडणारी पूड दिसू लागली तर ते वेगळं दुखणं आहे. क्षारांमुळे तांबं आतून खाल्लं जातंय असा त्याचा अर्थ. असं नाणं इतर नाण्यांपासून लांब, अगदी कोरड्या जागी ठेवावं आणि जाणकाराला दाखवावं. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा थर मात्र धोक्याचा नाही. नदीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नाण्याचा पृष्ठभाग बारीक छिद्रांचा, खरबरीत होतो. संगमावर वाहिलेलं नाणं पुढे कधी बाहेर आलं तर त्याची अवस्था बहुतेक अशीच असते, आणि तिला उपाय नाही.

जाता जाता : मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटातही नाणी ठेवू नका. काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकट पदार्थ सुटतो आणि नाण्याला धरतो.

भोक, कडी आणि सराफाचे टोले

आपल्याकडे नाणं हा दागिनाही होता. पुतळ्यांच्या माळा, गळ्यातले रुपये, कमरेचे रुपये. पश्चिम किनाऱ्यावर व्यापारात आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांपैकी कितीतरी अशीच गळ्यात गेली. नाण्याला भोक पाडलेलं असेल किंवा कडी डागलेली असेल तर लिलावातली किंमत मोठ्या प्रमाणात पडते. कडी काढून जागा घासून बुजवली तरी कडेला डागाचा वेगळा रंग राहतो. म्हणून नाणं जोखणारा दोन बाजू बघून झाल्या की तिसरी बाजू बघतो, म्हणजे कड.

पण नाण्यावरची प्रत्येक खूण म्हणजे नुकसान नव्हे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता. नहपानाचा चेहरा त्या ठशाखाली दबलेला. आजच्या दर्जाच्या भाषेत बोलायचं तर नाणं ‘खराब’. प्रत्यक्षात कुणी कुणाला हरवलं याचा हा चांदीवरचा पुरावा. कोल्हापूरच्या शिशाच्या नाण्यांचंही तेच. एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्यानं ठसा मारला, त्यावरूनच विळिवायकुर आधी, मग सिवलकुर, मग गोतमिपुत विळिवायकुर असा क्रम अभ्यासकांना लावता आला.

मराठेशाहीतल्या आणि मुघल रुपयांवर बारीक टोले असतात. चांदी खरी आहे का हे बघायला सराफ ते मारत. फार दाट नसतील तर संग्राहक ते चालवून घेतात. हाच टोला राणीच्या रुपयावर असेल तर मात्र दर्जा उतरतो.

खोटं नाणं आणि साधा तराजू

होनाच्या प्रतिकृती बाजारात ढिगानं आहेत. प्रतिकृती म्हणून विकल्या तर हरकत नाही. पण त्याच नंतर ‘आजोबांच्या पेटीत सापडला’ म्हणून फिरतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी मऊ वाटतात.

चांदीच्या रुपयाला सराफाचा काटा पुरतो. इंग्रजी रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम. झिजून थोडं कमी भरेल, जास्त भरणार नाही. १९४० च्या आधीच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो. तो चांदीचा समजून विकत घेणारे अजूनही भेटतात.

चांदीचा त्या दिवशीचा भाव गुणिले शुद्ध चांदीचं वजन, हा तुमच्या रुपयाचा तळ. सामान्य सालाचा, झिजलेला रुपया या तळाच्या जवळपासच विकला जातो. १९३९ सारखं साल असेल तर मात्र तारखेचा शेवटचा आकडा भिंगाखाली नीट बघायचा, कारण तो कोरून बदलण्याचे प्रकार होतात.

हातोडा पडतो तेव्हा

मुंबईत टोडीवाला आणि ओसवाल, बंगळुरूत मरुधर आर्ट्स, अहमदाबादेत क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी ही नाण्यांच्या लिलावातली ओळखीची नावं. त्यांचे कॅटलॉग ऑनलाइन मिळतात आणि खरं शिक्षण तिथेच आहे. बघायचं काय? अंदाजित किंमत नव्हे, तर नाणं शेवटी कितीला गेलं ते. विक्रीच्या ॲपवर कुणी शिवराईला ५ लाख लिहिलं म्हणजे ती ५ लाखांची होत नाही. ते फक्त मागणं आहे.

विकणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कमही हातोड्याच्या रकमेपेक्षा कमी असते. समजा हातोडा १० हजारांवर पडला, घेणाऱ्याकडून १५ टक्के प्रीमियम आणि विकणाऱ्याकडून १० टक्के कमिशन ठरलंय. घेणारा ११,५०० अधिक कर भरेल, तुम्हाला ९ हजार मिळतील. टक्के प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते आधी लेखी विचारायचे. त्याच वेळी राखीव किंमतही ठरवून घ्यायची, नाहीतर त्या दिवशी बोली लावणारा एकच असला तर नाणं मातीमोल जातं.

हे पैसे लिलाव झाल्यावर कापले जातात. ‘तुमचं नाणं विकलं गेलंय, आधी जीएसटीचे किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे भरा’ असा फोन आला तर ती फसवणूक. असे लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच पत्रक काढून सांगितलं की बँक अशा व्यवहारांत नसते आणि कुणाकडून कमिशन मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

आणि नाणी शेतात सापडली तर?

घरातल्या नाण्याचा विषय वेगळा, जमिनीतल्या नाण्याचा वेगळा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आठवण म्हणून शिवराई पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

नांगराला किंवा विहिरीच्या खुदाईत नाण्यांचं मडकं लागलं तर १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा लागू होतो. सापडलेल्या ऐवजाची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड, शिवाय सापडवणाऱ्याचा हिस्साही जातो. कळवलं, चौकशीत त्या धनाचा कुणी मालक निघाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला तो ठेवा हवा असेल तर त्याचा मोबदला देऊन सरकार तो घेऊ शकतं. आणि मडकं सापडलं तसंच, आतल्या मातीसकट द्यायचं. कुठली नाणी कुठल्या नाण्यांसोबत होती हे त्यातूनच कळतं.